हौशी रेडिओ उपग्रहांशी पहिला संपर्क : ऐकण्यापासून बोलण्यापर्यंत

हातात मावणारा पाच वॅटचा रेडिओ आणि घरी बनवलेला अँटेना एवढ्या सामग्रीवर पुण्या-नाशिकच्या गच्चीवरून ओमान, श्रीलंका किंवा थायलंडमधल्या हौशी रेडिओचालकाशी थेट बोलता येते. मधला दुवा असतो तो काहीशे किलोमीटर उंचीवरून जाणारा एखादा उपग्रह. जमिनीवरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेले पुन्हा प्रसारित करणारे यंत्र, डोंगरावर एका जागी उभा असतो आणि हा रिपीटर सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने पळत असतो, एवढाच खरा फरक आहे. परंतु या एका फरकामुळे वेळ, दिशा आणि फ्रिक्वेन्सी या तिन्ही गोष्टी सतत बदलत राहतात आणि नवख्या माणसाचे घोडे नेमके तिथेच अडते. महाग यंत्रे घेऊन हा प्रश्न सुटत नाही. ज्याला उपग्रह नीट ऐकू येतो त्याला तो वापरता येतो, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने कितीही शक्तीने प्रक्षेपण केले तरी त्याचा उपयोग होत नाही, उलट इतरांना त्रास मात्र होतो. म्हणून या मार्गदर्शनात ऐकण्याला अधिक जागा दिली आहे.

परवाना

ट्रान्समीटरचे बटण दाबण्यापूर्वी परवाना हवा, यात तडजोड नाही. भारतात हौशी रेडिओचे परवाने केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून दिले जातात. त्यासाठी अ‍ॅमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट ही परीक्षा द्यावी लागते आणि अर्ज सरल संचार या संकेतस्थळावरून भरता येतो. किमान वय १२ वर्षे आहे. परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत : रिस्ट्रिक्टेड श्रेणीत रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम येतात, तर जनरल श्रेणीत त्याखेरीज मोर्स संकेतांचीही परीक्षा असते. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे कॉल साइन, म्हणजे चालकाचे ओळखनाम, रिस्ट्रिक्टेडसाठी व्हीयू३ आणि जनरलसाठी व्हीयू२ या अक्षरांनी सुरू होते.

परवाना हातात आल्यावर त्यातील फ्रिक्वेन्सींचा तक्ता शांतपणे वाचावा. आपल्याकडे दोन मीटर तरंगलांबीचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि सत्तर सेंटीमीटरचा पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असा आहे. परदेशी लेखांत आणि चित्रफितींत अमेरिकी चालकांचा ४२० ते ४५० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा गृहीत धरलेला असतो, त्यामुळे तिथली प्रत्येक फ्रिक्वेन्सी आपल्याला वापरता येईलच असे नाही. उदाहरणार्थ, १५ नोव्हेंबर १९७४ रोजी प्रक्षेपित झालेला एओ-७ हा उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी निकामी होऊन बंद पडला आणि २००२ मध्ये पुन्हा बोलू लागला; आजही उन्हात असताना तो काम करतो आणि तो ऐकणे हा विलक्षण आनंद आहे. परंतु त्याच्या एका प्रकारात अपलिंक, म्हणजे जमिनीवरून उपग्रहाकडे बोलण्याची फ्रिक्वेन्सी, ४३२ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या बाहेर. तिथे ऐकावे, बोलू नये.

परीक्षेची तारीख आणि परवाना यांत बराच काळ जाऊ शकतो. तो काळ वाया घालवण्याचे कारण नाही, कारण पुढे सांगितलेला ऐकण्याचा सराव तेवढ्यात सहज पुरा होतो. ऐकण्यासाठी संगणकाला जोडायचे आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे छोटे रेडिओ ग्राहकयंत्र, पुरेसे आहे.

सुरुवातीला कोणते उपग्रह धरावेत

हौशी उपग्रहांची परंपरा जुनी आहे. ऑस्कर नावाचा पहिला हौशी उपग्रह १२ डिसेंबर १९६१ रोजी सोडला गेला, म्हणजे स्पुटनिकनंतर अवघ्या चार वर्षांनी. भारताचा स्वतःचा हॅमसॅट ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ने गेला आणि २०१४ पर्यंत जगभरच्या चालकांनी तो वापरला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला स्वयम् २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला, आणि तो हौशी चालकांसाठी संदेश पोचवण्याच्या हेतूनेच बांधलेला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई आयआयटीचा प्रथम गेला. हे उपग्रह आता सेवेत नाहीत, पण आपल्या भागातील विद्यार्थ्यांनी जे केले ते माहीत असलेले बरे.

आज सुरुवात करणाऱ्याने तीन नावे लक्षात ठेवावीत. पहिले आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. सुमारे ४२० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या या स्थानकावरील हौशी रेडिओचा संदेश जोरकस असतो आणि म्हणून तो सर्वांत सोपा. त्याचा आवाजी रिपीटर १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झच्या टोनसह (आवाजाबरोबर पाठवायची, रिपीटर उघडणारी मंद स्वराची खूण) ऐकतो आणि ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. शाळांशी होणाऱ्या संवादात अंतराळवीराचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर उतरतो. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी स्थानकावरून भारतातील विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच संवाद साधला होता. आणखी एक फ्रिक्वेन्सी १४५.८२५ मेगाहर्ट्झ, जिच्यावर एपीआरएसचे छोटे लिखित संदेश पुन्हा प्रसारित होतात. यांतील एका वेळी सर्व काही चालू नसते. यान जोडले जाताना किंवा अंतराळवीर बाहेर काम करत असताना रेडिओ बंदही ठेवतात, म्हणून आधी सद्यःस्थिती पाहून घ्यावी.

दुसरा एसओ-५०. डिसेंबर २००२ मध्ये गेलेला हा सौदी उपग्रह अवघ्या २५० मिलिवॅटने बोलतो, आणि तरीही चांगल्या अँटेनावर स्वच्छ येतो. अपलिंक १४५.८५०, डाउनलिंक (उपग्रहाकडून ऐकण्याची फ्रिक्वेन्सी) ४३६.७९५ मेगाहर्ट्झ, टोन ६७ हर्ट्झ. त्याची एक खोड आहे : तो दहा मिनिटांच्या घड्याळावर चालतो आणि ते घड्याळ चालू करण्यासाठी ७४.४ हर्ट्झच्या टोनसह दोनेक सेकंद प्रक्षेपण करावे लागते. बहुतेक वेळा कोणीतरी ते आधीच केलेले असते, म्हणून नवख्याने प्रथम ऐकावे आणि उपग्रह मुका असल्याची खात्री झाल्यावरच हा टोन वापरावा.

तिसरा आयओ-८६, म्हणजे इंडोनेशियाचा लापान-ए२. हाही श्रीहरिकोट्याहूनच, २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त सहा अंशांचा कोन करते, त्यामुळे युरोप-अमेरिकेतील बहुतेक चालकांना तो कधी दिसतच नाही आणि परदेशी मार्गदर्शनांत त्याचे नावही सहसा नसते. आपल्याला मात्र तो सुमारे पावणेदोन तासांच्या अंतराने दक्षिण क्षितिजावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना मिळतो. पुण्याहून तो फार तर अठरा अंशांपर्यंत वर येतो, गोव्याहून पंचवीस अंशांपर्यंत. त्यामुळे ज्याच्या घराची दक्षिण बाजू मोकळी आहे त्याने तो आवर्जून ऐकावा. अपलिंक १४५.८८० मेगाहर्ट्झ, ८८.५ हर्ट्झच्या टोनसह, डाउनलिंक ४३५.८८०. त्याचा आवाजी रिपीटर ठरलेल्या वेळापत्रकानुसार चालू करतात, सदैव चालू नसतो.

पास वाचायला शिकणे

उपग्रह क्षितिजावर उगवून मावळेपर्यंतच्या काळाला पास म्हणतात. खालच्या कक्षेतील उपग्रहांचा पास साधारण दहा ते पंधरा मिनिटांचा असतो. तो केव्हा आणि कुठून जाईल हे सांगणारी साधने मोफत मिळतात : संगणकावर जीप्रेडिक्ट, अँड्रॉइड फोनवर लुक-फोर-सॅट, आणि ब्राउझरमध्ये हेवन्स-अबव्ह. या सर्वांना उपग्रहाची कक्षीय माहिती लागते आणि ती जुनी झाली की अंदाज चुकू लागतो. अंतराळ स्थानकाची कक्षा तर अधूनमधून मुद्दाम उंचावली जाते, म्हणून त्याच्या पासाआधी माहिती ताजी करून घेण्याची सवय लावावी. उपग्रह मुळात चालू आहे का, हे अ‍ॅमसॅट या संघटनेच्या स्थितीदर्शक पानावर कळते. तिथे जगभरचे चालक आपण ऐकल्याची नोंद करत असतात.

पासाच्या तक्त्यात पाच आकडे महत्त्वाचे : उगवण्याची वेळ व दिशा, कमाल उंचीचा कोन, आणि मावळण्याची वेळ व दिशा. वेळ अनेकदा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) दिलेली असते, त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ होते. अ‍ॅपमध्ये स्थानिक वेळ निवडली असेल तर पुन्हा साडेपाच तास मिळवू नयेत. दिशा अंशांत असते : शून्य उत्तर, ९० पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम. पासाच्या निदान दहा मिनिटे आधी गच्चीवर जाऊन फोनच्या होकायंत्राने या दिशा खऱ्या जगात ओळखून ठेवाव्यात, म्हणजे अमुक पाण्याच्या टाकीमागून येणार, तमुक मोबाइल टॉवरच्या डावीकडे मावळणार, असे डोळ्यांना ठाऊक होते. ऐन पासात फोनकडे पाहत बसलात तर अँटेना भलतीकडे वळतो.

सुरुवातीला ३० अंशांहून अधिक उंचीचेच पास निवडावेत. कारण अंतर. स्थानक डोक्यावर असताना आपल्यापासून सुमारे ४२० किलोमीटरवर असते, तर क्षितिजावर असताना तेवीसशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अंतर साडेपाचपट आणि संदेश सुमारे तीसपट क्षीण. त्यात शहरात क्षितिजालगत इमारती आणि झाडे आडवी येतात. मात्र ८० अंशांहून उंच पासही नवख्याला सोपा नसतो, कारण ऐन माथ्यावर स्थानक सेकंदाला जवळपास एक अंश सरकते आणि अँटेना काही क्षणांत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला उलटवावा लागतो. माझ्या मते ४० ते ६० अंशांचा पास शिकण्यासाठी सर्वोत्तम.

महाराष्ट्रातून पाहता स्थानक एक तर वायव्येला उगवून आग्नेयेला मावळते किंवा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाते. हे दोन मार्ग हवेत बोटाने काही वेळा आखून पाहिले की हात आपोआप त्या वक्ररेषेवर फिरू लागतो.

अँटेना : इथे वेळ घालवावा

हातातील रेडिओबरोबर येणारा छोटा रबरी अँटेना उपग्रहासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. स्थानक त्यावर कधीमधी ऐकू येते, एसओ-५० क्वचितच. हातात धरून फिरवता येणारा दिशादर्शी यागी अँटेना हेच या छंदाचे मुख्य हत्यार आहे. तयार दोन-पट्ट्यांचे अँटेना मिळतात, त्यांत अ‍ॅरोचा प्रसिद्ध आहे. पण पहिला अँटेना स्वतः बनवावा असे मी आग्रहाने सांगतो, कारण त्यातून ध्रुवीकरण (लहरी उभ्या की आडव्या हे) आणि दिशा या दोन्ही गोष्टी जेवढ्या समजतात तेवढ्या वाचून समजत नाहीत.

दोन मीटरसाठी सर्वांत स्वस्त रचना हार्डवेअरच्या दुकानातील स्टीलच्या मोजपट्टीपासून होते. साधारण पंचवीस मिलिमीटर रुंदीची पट्टी, साठेक सेंटीमीटर लांबीचा अर्धा इंची पीव्हीसी पाइप, तीन जोड आणि पट्टी आवळण्याच्या धातूच्या क्लिपा एवढेच साहित्य. मागचा परावर्तक १०५ सेंटीमीटरचा, मधला चालित घटक प्रत्येकी ४५ सेंटीमीटरच्या दोन तुकड्यांचा, त्यांच्यात अडीच सेंटीमीटरची फट, आणि पुढचा दिग्दर्शक ८९ सेंटीमीटरचा. परावर्तक ते चालित घटक अंतर २० सेंटीमीटर, चालित घटक ते दिग्दर्शक ३२ सेंटीमीटर. चालित घटकाच्या दोन तुकड्यांच्या आतील टोकांवरचा रंग कानशीने किंवा पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून स्टील उघडे करावे, नाहीतर डाग धरत नाही. तिथे आरजी-५८ केबलची मधली तार एका बाजूला आणि जाळी दुसऱ्या बाजूला डागावी. त्याच दोन बिंदूंवर सुमारे १३ सेंटीमीटर लांबीच्या तारेचा यू आकाराचा तुकडाही डागावा. हा तुकडा विसरला तर अँटेना ऐकेल, पण प्रक्षेपणासाठी केबलशी त्याचा मेळ बसणार नाही. कापलेल्या टोकांवर इन्सुलेशन टेप गुंडाळावी, कारण ही पट्टी हाताला चांगलीच कापते.

सत्तर सेंटीमीटरसाठी तरंगलांबी एक तृतीयांश होते, म्हणून घटकही साधारण एक तृतीयांश लांबीचे आणि मिलिमीटरची चूकही जाणवणारी. तिथे मोजपट्टीऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या सळया किंवा तांब्याची जाड तार सोयीची. घटकांची संख्या मात्र वाढवावी, पाच ते सात असावेत, कारण डाउनलिंक याच पट्ट्यावर येते आणि ती क्षीण असते. दोन्ही अँटेना एकाच दांड्यावर एकमेकांना काटकोनात बसवतात.

ध्रुवीकरण हाताने कळते. उपग्रह अवकाशात गडगडत असतो, त्याच्या अँटेनाची दिशा बदलत राहते, आणि आपले घटक उभे असताना आवाज बुडाला तर मनगट नव्वद अंशांत वळवल्याबरोबर तो पुन्हा वर येतो. पासभर कानाने ऐकत मनगट फिरवत राहणे, हे यंत्राने चालवलेल्या रोटेटरपेक्षाही हातातील अँटेनाचे बलस्थान आहे.

दोन सूचना. विजा चमकत असताना धातूचा अँटेना घेऊन गच्चीवर जाऊ नये. पावसाळ्यात अशा वेळी पास सोडून द्यावा, तो पुन्हा येतो. आणि गच्चीजवळून विजेच्या तारा जात असतील तर लांब दांड्याचा अँटेना तिथे फिरवू नये.

पहिले ऐकणे

रेडिओ एफएम प्रकारात ठेवावा, स्क्वेल्च, म्हणजे संदेश नसताना खरखर दाबणारी सोय, पूर्ण उघडावे म्हणजे सतत खरखर ऐकू येईल, आणि इयरफोन लावावा. स्क्वेल्च बंद ठेवणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य अडचण आहे, कारण क्षीण संदेश ते उघडूच शकत नाही आणि माणूस शांत रेडिओ हातात धरून उभा राहतो. उपग्रह उगवला की प्रथम आवाज येत नाही. खरखरीचा पोत बदलतो, ती किंचित मऊ पडते, मग तिच्यातून शब्दांचे तुकडे येऊ लागतात. कानाला हा बदल ओळखता येणे हीच पहिली पायरी.

पहिल्या सरावासाठी स्थानकावरून अधूनमधून होणारे एसएसटीव्ही चित्रप्रसारण उत्तम, कारण त्यात बोलायचे काही नसते आणि यश डोळ्यांना दिसते. चित्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर पीडी-१२० या पद्धतीने येते आणि एका चित्राला सुमारे दोन मिनिटे लागतात. फोनवर रोबोट-३६ हे मोफत अ‍ॅप उघडून तो रेडिओच्या स्पीकरजवळ धरला तरी चित्र ओळ ओळ उतरताना दिसते. अँटेना उपग्रहावरून हलला की त्या क्षणी चित्रात खरखरीचा पट्टा उमटतो. आपला हात कुठे चुकला याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा कोणताही नाही. आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला तर चित्र नंतरही उलगडता येते.

जुन्या लेखांत नोआ या अमेरिकी संस्थेच्या हवामान उपग्रहांची चित्रे १३७ मेगाहर्ट्झवर घ्यायला सांगितलेली आढळतात. नोआ-१५, १८ आणि १९ हे तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये सेवेतून काढले गेले, म्हणून त्यात वेळ घालवू नये.

घराभोवतीच्या विजेच्या गोंगाटाकडेही लक्ष द्यावे. स्वस्त एलईडी दिवे, सौर इन्व्हर्टर आणि लिफ्टची यंत्रणा खरखर वाढवतात. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला दहा-पंधरा पावले सरकल्यावर कधी कधी अख्खा उपग्रह ऐकू येऊ लागतो.

डॉप्लर

उपग्रह जवळ येत असताना त्याची फ्रिक्वेन्सी वाढलेली भासते आणि दूर जाताना घटलेली, जशी स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना चढी आणि पुढे गेल्यावर उतरती लागते. दोन मीटरवर हा फरक सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ, म्हणजे एफएममध्ये दुर्लक्ष करण्याजोगा. सत्तर सेंटीमीटरवर मात्र तो दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि तो सांभाळला नाही तर आवाज फाटतो, मग नाहीसा होतो.

यावर सोपा उपाय म्हणजे रेडिओच्या स्मृतीत एकापाठोपाठ पाच चॅनेल भरून ठेवणे. एसओ-५०साठी ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सी ४३६.८०५, ४३६.८००, ४३६.७९५, ४३६.७९० आणि ४३६.७८५, बोलण्याची फ्रिक्वेन्सी पाचही चॅनेलवर १४५.८५० आणि टोन ६७ हर्ट्झ. स्थानकासाठी ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत तसेच, बोलण्याची १४५.९९०. पास सुरू होताना सर्वांत वरच्या चॅनेलवर असावे आणि आवाज कर्कश झाला की एक चॅनेल खाली यावे. बदल एकसारख्या गतीने होत नाही : पासाच्या सुरुवातीला आणि शेवटी तो मंद असतो, माथ्याजवळ भराभर होतो. उंच पासात मधले तीन चॅनेल दोन-तीन मिनिटांत ओलांडले जातात. ज्या उपग्रहांची अपलिंक सत्तर सेंटीमीटरवर आहे तिथे उलटे करायचे, म्हणजे सुरुवातीला खालच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचे आणि हळूहळू वर जायचे.

बोलणे

अनेक पास नुसते ऐकून झाल्यावर, चालक एकमेकांशी किती थोडक्यात बोलतात हे कानावर बसते. एफएम उपग्रहावर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो आणि उपग्रहाच्या छायेत असलेल्या चार-पाच हजार किलोमीटर व्यासाच्या प्रदेशातील सर्वजण तीच दहा मिनिटे वाटून घेत असतात. म्हणून संभाषण एवढेच असते : समोरच्याचे कॉल साइन, आपले कॉल साइन, आपला ग्रिड चौकोन, आभार. हवापाण्याच्या गप्पा इथे नाहीत. सुरू असलेले संभाषण संपल्याशिवाय मध्ये शिरू नये, आणि ‘सीक्यू सीक्यू’ (कोणीही उत्तर द्या) असा लांबलचक पुकाराही करू नये. फक्त स्वतःचे कॉल साइन ध्वन्यक्षरांत एकदा सांगून थांबावे.

ग्रिड चौकोन आधी पाठ असावा. ही अक्षांश-रेखांशांवरून ठरणारी चार चिन्हांची खूण आहे. पुणे एमके६८, पणजी एमके६५, कोल्हापूर एमके७६, छत्रपती संभाजीनगर एमके७९, नागपूर एमएल९१. मुंबईचे मात्र दोन भाग होतात : १९ अंशांची अक्षांशरेषा शहरातून जाते, म्हणून कुलाब्याचा चालक एमके६८ मध्ये आणि दादरचा एमके६९ मध्ये. अनेक चालक असे चौकोन गोळा करत असतात आणि भारतातील कमी वेळा ऐकू येणारा चौकोन सांगितला की लगेच प्रतिसाद येतो. ‘माइक किलो सिक्स एट’ असे स्पष्ट आणि सावकाश म्हणावे.

शक्य तर दोन रेडिओ वापरावेत, एक बोलायला आणि एक ऐकायला, म्हणजे आपला स्वतःचा आवाज उपग्रहावरून परत येताना ऐकू येतो आणि आपण पोचलो की नाही हे तत्क्षणी कळते. इथे एक तांत्रिक अडचण येते. १४५.८५० मेगाहर्ट्झची तिप्पट ४३७.५५ होते आणि ती डाउनलिंकच्या अगदी जवळ पडते, त्यामुळे बोलण्याचे बटण दाबताच शेजारचा ऐकण्याचा रेडिओ बहिरा होतो. ही बाब आपल्याच रेडिओची आहे, उपग्रहाची नाही. दोन्ही पट्ट्यांना वेगळे अँटेना द्यावेत, एकच केबल असेल तर मध्ये डिप्लेक्सर (दोन पट्टे वेगळे करणारा भाग) लावावा, रेडिओ एकमेकांपासून दूर धरावेत आणि शक्ती कमी करून पाहावी. पाच वॅट पुरेसे असतात. ते पुरत नसतील तर दोष बहुधा दिशेत, ध्रुवीकरणात किंवा विसरलेल्या टोनमध्ये असतो.

एकाच रेडिओवर काम भागवायचे असेल तर बोलून झाल्याबरोबर बटण सोडून लगेच ऐकावे, आणि उत्तर आले नाही म्हणून लागोपाठ पुकारे करू नयेत. एका हातात अँटेना आणि दुसऱ्यात रेडिओ असताना लिहिता येत नाही, म्हणून फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे आणि पास संपल्यावर कॉल साइन, यूटीसी वेळ, उपग्रहाचे नाव आणि ग्रिड वहीत उतरवावे. कॉल साइनचे एक अक्षर चुकले तर संपर्काची नोंद जुळत नाही.

यापुढे

एफएमवर हात बसला की लिनियर ट्रान्सपॉन्डरकडे, म्हणजे ऐकलेला अख्खा पट्टा पुन्हा प्रसारित करणाऱ्या यंत्राकडे, वळावे. आरएस-४४ हा डिसेंबर २०१९ मध्ये गेलेला रशियन उपग्रह अकराशे ते दीड हजार किलोमीटरच्या उंचीवर असल्याने त्याचा पास वीस मिनिटांपर्यंत चालतो, आणि साठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अनेक जण एकाच वेळी एसएसबी (एफएमपेक्षा अरुंद आवाजी प्रकार) किंवा मोर्सवर निवांत बोलू शकतात. त्याचा बीकन (उपग्रहाचा स्वतःचा खुणेचा संदेश) ४३५.६०५ मेगाहर्ट्झवर आहे. पट्टा उलटा आहे : अपलिंक वर सरकवली की डाउनलिंक खाली येते, आणि एलएसबीवर (एसएसबीच्या खालच्या बाजूवर) बोललेले यूएसबीवर (वरच्या बाजूवर) परत मिळते. इथे कमी शक्ती हा शिष्टाचार नव्हे, गरज आहे, कारण एकाचा आवाज बीकनपेक्षा मोठा झाला की उपग्रहाची मर्यादित शक्ती त्यालाच जाते आणि बाकीचे बुडतात.

ज्याला अँटेना फिरवण्याचा कंटाळा आहे त्याच्यासाठी क्यूओ-१०० आहे. कतारच्या एस'हेल-२ या भूस्थिर उपग्रहावरील हा हौशी ट्रान्सपॉन्डर पूर्व रेखांश २५.९ अंशांवर स्थिर आहे आणि महाराष्ट्रातून चोवीस तास दिसतो : पश्चिमेपासून सुमारे १६ अंश दक्षिणेकडे, मुंबई-पुण्याहून क्षितिजापासून ३२ अंशांवर, नागपूरहून २६ अंशांवर. वापरात नसलेली डीटीएचची तबकडी त्यासाठी चालते. तबकडी दिसते त्यापेक्षा वर पाहत असते, म्हणून ती जवळपास उभी ठेवावी लागते. एलएनबी (तबकडीसमोरचा ग्राहक भाग) मात्र ९७५० मेगाहर्ट्झच्या अंतर्गत ऑसिलेटरचा, युनिव्हर्सल प्रकारचा हवा. त्याला बाहेरून उभ्या ध्रुवीकरणासाठी १३ व्होल्ट द्यावे लागतात, आणि ते व्होल्टेज डोंगलमध्ये शिरणार नाही असा बायस-टी मध्ये बसवावा. मग १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झचा अरुंद पट्टा डोंगलवर ७३९.५ ते ७४० मेगाहर्ट्झवर उतरतो. गच्चीवरच्या उन्हाने एलएनबी तापला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून पट्ट्याच्या मध्यावर १०४८९.७५० मेगाहर्ट्झला असलेला बीकन आधी शोधावा, त्यावरून किती फरक पडला आहे ते मोजावे, तो सॉफ्टवेअरमध्ये भरावा आणि मगच बाकीची स्थानके लावायला घ्यावीत.